गेटवरच्या नाताळ सेलच्या कमानीबद्दल

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

सी-३०३, सकाळी ७.४०
सर्व सभासदांना नमस्कार. काल रात्री आपल्या सोसायटीच्या गेटवर एका दुकानाच्या नाताळ सेलची कमान उभी राहिली. आज सहा वाजता मी चर्चमध्ये मिस्सेला (प्रार्थनाविधीला) निघाले, तेव्हा वॉचमनच्या केबिनवर लावलेल्या स्पीकरवर जिंगल बेल्स सुरू झाले होते. वसईत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको, की उद्या २ नोव्हेंबर हा आमचा मृतांच्या स्मरणाचा दिवस आहे. आम्ही कबरी धुतो, फुले घालतो, मेणबत्त्या लावतो आणि गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करतो. आमचा सगळा नोव्हेंबर त्यांच्याच नावाचा असतो. माझ्या यजमानांना, म्हणजे आपल्या सरांना, जाऊन अजून वर्ष झालेले नाही. उद्या हातात फुले घेऊन मला ‘ख्रिसमस महाबचत’ ह्या अक्षरांखालून बाहेर पडावे लागणार आहे. गेल्या वर्षी हीच कमान डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागली होती आणि तेव्हाही मी समितीशी बोलले होते.

ए-१०१ (सचिव), ८.०५
टीचर, आपल्याला त्रास झाला ह्याचे वाईट वाटते. आमचा समज असा होता की सोसायटीतील ख्रिस्ती कुटुंबांना ह्या सजावटीचा आनंदच होईल. कमानीच्या भाड्यातून गेटचे रंगकाम होणार आहे, आणि त्याच रंगकामासाठी गेल्या सभेत जादा वर्गणीचा विषय निघाला तेव्हा कोणी तोंड उघडले नव्हते, हेही सर्वांना आठवत असेल.

बी-२०४, ८.०९
गेटची जागा भाड्याने देण्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव झाला होता का? झाला असल्यास त्याची प्रत येथे टाकावी.

ए-३०२, ८.१४
अजून तुळशीचे लग्न लागायचे आहे आणि सांताक्लॉजची वरात गेटवर येऊन थांबली आहे 😀

सी-१०२, ८.२२
दादा, आज थट्टा नको. टीचरच्या घरी अजून वर्षश्राद्धासारखा दिवसही झालेला नाही. माझा आकाशकंदील अजून गॅलरीत आहे आणि त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहील, म्हणून मला हे जास्त जाणवते. आमच्या घरी पितृपक्षात नवे कापड शिवायला टाकत नसत, सोने घेत नसत, लग्नाची बोलणीसुद्धा करत नसत. आता नेमक्या त्याच पंधरवड्यात दिवाळीच्या सवलतींची पत्रके वर्तमानपत्रातून घरात येऊन पडतात. सर्वपित्री अमावास्येला आपल्या गेटवर कोणी सनई लावली असती, तर ह्या ग्रुपवर किती संदेश आले असते, ह्याचा समितीने विचार करावा.

ए-५०२, ८.३५
काका, मी ह्याच व्यवसायात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नाताळचा माल काही महिने आधी मागवावा लागतो, त्यात पैसा अडकतो, गोदामाचे आणि दुकानाचे भाडे मात्र दरमहा चालूच राहते. एका दुकानाने नोव्हेंबरात झाड उभे केले की शेजारच्याला थांबणे परवडत नाही. शिवाय पगारदार माणसाला दोन महिन्यांत विभागून खरेदी करता आली तर त्यात त्याची सोयच आहे. आणि नाताळ हा आता एकट्या ख्रिस्ती लोकांचा सण राहिलेला नाही.

सी-३०३, ९.१०
बाळा, तू माझा विद्यार्थी आहेस, म्हणून सविस्तर लिहिते. नाताळ सर्वांचा झाला ह्याचे मला कधीच वाईट वाटले नाही. ह्याच इमारतीत तुझ्या आईच्या करंज्या आणि माझे कलकल (नाताळचा गोड पदार्थ) किती वर्षे ताटांतून ये-जा करत आले आहेत. माझे म्हणणे वेगळे आहे. नाताळच्या आधीच्या चार रविवारांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. यंदा तो ३० नोव्हेंबरला सुरू होईल. त्या दिवसांत वेदीवर जांभळा रंग असतो, मिस्सेत गौरवस्तोत्र गात नाहीत, वेदीला भरगच्च फुले वाहत नाहीत, आणि हिरव्या पानांच्या चक्रातील चार मेणबत्त्यांपैकी दर रविवारी एकच नवी पेटवतात. घरोघरी येशूजन्माचा गोठा मांडला तरी बाळ येशूची जागा मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत रिकामी ठेवतात. माझी नात लहान असताना रोज त्या रिकाम्या गवतात बोट घालून पाहायची आणि विचारायची, की आजी, अजून किती दिवस? ती वाट पाहणे हाच आमच्या सणाचा अर्धा भाग आहे. दोन महिने रोज सकाळी स्पीकरवर ‘आला, आला’ ऐकल्यावर कोणते मूल कशाची वाट पाहील?

सचिवांना एक विचारायचे आहे. दुकानाशी झालेला करार किती तारखेपर्यंतचा आहे?

ए-१०१ (सचिव), ९.२४
२५ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत.

बी-२०४, ९.२५
म्हणजे लेखी करार झालेला आहे. मग त्याआधी सर्वसाधारण सभेचा ठराव झाला होता का? असल्यास प्रत टाकावी.

सी-३०३, ९.३१
पाहा, आमचा नाताळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि हा काळ यंदा ११ जानेवारीपर्यंत चालेल. गोव्यात रेइश मागूश आणि चांदोर येथे ६ जानेवारीला मुले बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा वेष करून मिरवतात, तोही ह्याच सणाचा भाग आहे. ज्या दिवशी आमच्या घरात सण येतो, त्याच दिवशी रात्री तुमची कमान उतरणार.

डी-४०१ (सध्या न्यू जर्सी), ९.५०
येथे आत्ताच हॅलोविनची रात्र संपली. आज दुकानात भोपळ्यांच्या शेजारी नाताळची झाडे मांडलेली पाहिली, म्हणून लिहावेसे वाटले. हे प्रकरण जुने आहे. १९३९ साली अमेरिकेत नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंग ह्या आभाराच्या सणाचा दिवस, ३० तारखेला येत होता. थँक्सगिव्हिंग झाल्याशिवाय नाताळची विक्री सुरू करायची नाही असा तेव्हाचा रिवाज होता. त्यामुळे विक्रीचे दिवस कमी पडतील असे व्यापाऱ्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या कानी घातले आणि त्यांनी तो सण २३ तारखेवर आणला. अनेक राज्यांनी ते मानले नाही आणि त्या वर्षी देशात दोन वेगवेगळ्या दिवशी थँक्सगिव्हिंग झाले. अखेर १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. दुकानदारांसाठी सणाची तारीख हलू शकते, मग आपल्या गेटचे काय.

ए-१०१ (सचिव), ९.५८
माहितीबद्दल आभार. आपला फ्लॅट भाड्याने दिलेला असून त्यावरील नॉन-ऑक्युपन्सी शुल्क दोन तिमाहींपासून थकलेले आहे, ते वेळेवर आले असते तर गेटच्या रंगासाठी दुकानदाराकडे जाण्याची वेळ समितीवर आली नसती.

डी-४०१, १०.०२
ह्या विषयात ते काढायची गरज नव्हती. रक्कम आज भरतो. माझे मत मात्र तेच राहील.

बी-३०१, १०.२०
माझी मुलगी अशाच एका दुकानात काउंटरवर उभी असते. दिवाळीत तिला भाऊबीजेची सुट्टी मिळाली नव्हती. काल रात्री साडेदहाला घरी आली, तेव्हा डोक्यावर लाल टोपी होती आणि पाय सुजलेले होते. आता ३१ डिसेंबरपर्यंत रजा मागू नका असे तिला सांगितले आहे. सण लवकर सुरू झाला की तिची उभी राहण्याची पाळीही तेवढीच लांबते. ग्रुपवर हे कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिले.

डी-४०१, १०.२८
ताई, आपण लिहिलेत ते फार महत्त्वाचे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्लॉरेन्स केली ह्या कामगारांसाठी झगडणाऱ्या बाईंनी नाताळची खरेदी लवकर करा असा आग्रह धरला होता. शेवटच्या दिवसांच्या गर्दीत दुकानातल्या मुली आणि सामान पोहोचवणारी पोरे रात्री उशिरापर्यंत राबत, ती थकून पडू नयेत हा त्यांचा हेतू होता. दुकानदारांनी मात्र ती हाक आपल्या विक्रीसाठी उचलली.

ए-५०२, १०.४१
टीचर, मी सकाळी लिहिले ते व्यवहाराच्या दृष्टीने चूक नाही असे मला अजूनही वाटते. पण करारात ३० नोव्हेंबर ते ११ जानेवारी अशा तारखा घालायला दुकानदाराची हरकत नसावी. मी त्याला ओळखतो, आज दुपारी जाऊन बोलतो.

ए-१०१ (सचिव), ११.०५
स्पीकर आत्ताच बंद करायला लावला आहे. कमान आज उतरवणे शक्य नाही, कारण मांडववाल्याची माणसे सोमवारी येणार आहेत. तोपर्यंत तिच्यावर पांढरे कापड टाकून घेतो. तारखा बदलल्या तर भाडे कमी मिळेल, ती तूट कशी भरायची हे सभासदांनी मिळून ठरवावे.

सी-१०२, ११.०९
माझ्याकडून पाचशे रुपये लिहून घ्या.

बी-२०४, ११.१०
तारखा बदलायच्या असतील तरी ठराव लागेलच. पहिल्या ठरावाची प्रत अजून आलेली नाही.

सी-३०३, ११.२०
सचिव, आपण लगेच दखल घेतलीत, आभारी आहे. भाड्याच्या तुटीत माझाही वाटा धरावा.

सी-१०२, ११.२६
टीचर, उद्या चार वाजता माझा मुलगा गाडी काढणार आहे, तो आपल्याला दफनभूमीपर्यंत सोडेल. सर दर दिवाळीला माझ्याकडच्या झेंडूचे कौतुक करायचे, कुंडीत अजून दहा-बारा फुले आहेत. ती त्यांच्यासाठी द्यायची आहेत.

सी-३०३, ११.३१
नक्की द्या. आणि गाडीत जागा असेल तर बी विंगच्या आजींनाही न्यायचे आहे, त्यांना रिक्षात चढवत नाही.