अनुभव धागा: घरात सर्ज प्रोटेक्शनचं सॉकेट बसवणं

पावसाळ्यात लाइट जाते, धाडकन परत येते आणि त्या झटक्यात टीव्हीचा बोर्ड नाहीतर राउटरचा अडॅप्टर जातो. असा व्होल्टेजचा झटका (सर्ज) अडवणारी सॉकेट ज्यांनी बसवली आहेत किंवा बसवून देतात, त्यांनी लिहा. किस्से नकोत. काय मोजलं, काय लागलं, कुठे अडतं, एवढंच.

गिरगाव, जुन्या चाळींची कामं
आधी अर्थिंग बघा, सॉकेट मग घ्या. चाळीत सॉकेट तीन पिनी दिसतं, पण वरच्या भोकामागे वायरच नसते. किंवा हिरवी वायर नळाच्या पाइपला गुंडाळलेली असते. ते लोखंडी पाइपाच्या काळातही चूकच होतं. आता मधला तुकडा पीव्हीसीचा बसला की अर्थ गायब आणि नळाला करंट.

फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या आसपास हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. डिजिटल मीटर मात्र लटकत्या वायरवरही व्होल्टेज दाखवतो, म्हणून फेज आणि अर्थमध्ये ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब (तारेचा, एलईडी नाही) लावायचा. पूर्ण पेटला किंवा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की पडणारं स्विच) पडला, तर अर्थ आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर नाही. त्याआधी घरातल्या सगळ्या पिना काढा. अर्थ तुटलेला असेल तर यंत्रांच्या पत्र्यावर करंट उतरतो. हे काम वायरमननेच करायचं.

लोहार चाळीतून (मुंबईतला इलेक्ट्रिकल मालाचा बाजार) माल घेणाऱ्यांसाठी
एका कंपनीचं सॉकेट दुसरीच्या प्लेटमध्ये बसत नाही, त्यामुळे जुनी प्लेट खिशात घालून जा. सर्जवालं सॉकेट मागून जाड असतं. भिंतीतला बॉक्स उथळ असेल तर वायरी चेपतात आणि प्लेट फुगते. ५० मिलिमीटर खोल बॉक्स घ्या. खोक्यावर दोन आकडे वाचा: सतत चालणारं व्होल्टेज (बहुतेक २७५) आणि सर्ज आल्यावर किती व्होल्ट पुढे जाऊ देतो तो. दुसरा जितका कमी, तितकं बरं, १.५ केव्ही (१५०० व्होल्ट) किंवा त्याखाली बघा.

बसवताना
मेन बंद, टेस्टरने खात्री, मग जुनं सॉकेट उघडायचं. अर्थचं भोक वर ठेवून समोरून पाहिलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. पाठीमागून बघताना हे उलटं दिसतं आणि तिथेच गडबड होते. जुन्या वायरिंगमध्ये रंगांवर जाऊ नका, लाल-काळी अदलाबदल सर्रास सापडते. वायर ८-१० मिलिमीटर सोलायची, सुट्या तारा पिळून टर्मिनलात घालायच्या, स्क्रू आवळून वायर ओढून बघायची. ६ अँपियरला दीड स्क्वेअर एमएम तांब्याची वायर पुरते, १६ ला निदान अडीच.

वर्सोवा
खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं. ते टोक तसंच घालू नका. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. सैल आणि गंजलेला जोडच आधी तापतो.

न्यूट्रल तुटला तर?
यात सॉकेट वाचवत नाही. आतला एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) हा सेकंदाच्या लाखाव्या भागातल्या झटक्यासाठी असतो. इमारतीचा न्यूट्रल तुटून ३००-३५० व्होल्ट टिकून राहिले, तर तो गरम होऊन करपतो, थर्मल फ्यूज उडतो. काही सॉकेट तरीही लाइट पुढे सोडतात, फक्त संरक्षण गेलेलं असतं. म्हणून सॉकेटवरचा हिरवा दिवा अधूनमधून बघा. विझला तर अख्खं सॉकेट बदलायचं, ते दुरुस्त होत नाही. टिकून राहणाऱ्या जास्त व्होल्टेजसाठी डीबीत (घराच्या एमसीबींच्या डब्यात) वेगळा ओव्हर-व्होल्टेज रिले लागतो, तो लाइटच तोडतो. दुकानदार ‘सगळं एकातच’ म्हणतात, ऐकू नका.

डीबीच्या बाजूने
नुसतं सॉकेट म्हणजे शेवटची चाळणी. मोठा झटका डीबीतल्या टाइप २ एसपीडीने (अख्ख्या घरासाठीचं सर्ज अडवणारं उपकरण) घ्यायला हवा, आणि त्याच्या फेजपासून अर्थ बारपर्यंतच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत. वायर लांबली की झटक्याच्या वेळी तिच्यावरच शेकडो व्होल्ट उभे राहतात आणि तेवढे यंत्रापर्यंत जातात. नीटनेटकी दिसावी म्हणून वायरीची गुंडाळी करून ठेवतात, ती तर आणखी वाईट.

आणखी एक
ॲन्टेना किंवा तांब्याच्या ब्रॉडबँड केबलमधून येणारा झटका हे सॉकेट अडवत नाही. फायबरला तो प्रश्न नाही. आणि पुढे कधी वायरिंगचं मेगरिंग (इन्सुलेशनची तपासणी) ५०० व्होल्टवर करायचं झालं, तर ही सॉकेट आणि एसपीडी आधी सोडवून ठेवा. नाहीतर रीडिंग खाली येतं आणि वायरमन चांगल्या वायरिंगमध्ये लीकेज शोधत बसतो.