मदत हवी आहे: अमेरिकन व्हीएचएस कॅसेट डिजिटल करताना रंग जातात

वॉशिंग्टनच्या डब्ल्यूडीसीए या टीव्ही स्टेशनवर (चॅनल २०) डिक डायझेल हा कलाकार मुलांसाठी बोझो विदूषक आणि कॅप्टन २० व्हायचा, तर रात्री भयपटांच्या 'क्रीचर फीचर'मध्ये (सुरुवात १९७३) काउंट गोर डी वोल. १९९८ मध्ये हाच काउंट त्याने इंटरनेटवर आणला. त्या काळी स्थानिक स्टेशनं बऱ्याचदा टेप पुसून पुन्हा वापरायची, म्हणून प्रेक्षकांनी घरी केलेलं रेकॉर्डिंग अनमोल आहे.

माझ्याकडे अशाच रेकॉर्डिंगची कॅसेट आहे. अडचण अशी: ती एनटीएससी या अमेरिकन टीव्ही पद्धतीची, म्हणजे ५२५ रेषा, सेकंदाला २९.९७ फ्रेम, आणि टी-१२० (नेहमीच्या वेगात दोन तासांच्या) टेपवर सहा तासांचा मंद वेग. आपल्याकडचा पाल (भारतातली टीव्ही पद्धत) व्हीसीआर ती पाल-६० करून देतो, म्हणजे रंग पालचे, पण रेषा आणि फ्रेम एनटीएससीच्या. टीव्हीवर चित्र ठीक दिसतं. पण कॅप्चर कार्ड (व्हिडिओ संगणकात घेणारं कार्ड) पालवर ठेवलं की चित्र घसरतं, एनटीएससीवर ठेवलं की कृष्णधवल होतं. पाल-६० वर रंग येतात, तरी वरची कड वाकते आणि फ्रेम गळतात.

पुणे-मुंबईत खरा एनटीएससी आउटपुट देणारा, चार हेडचा मल्टिसिस्टिम व्हीसीआर कुठे मिळेल? टाइम बेस करेक्टर (टेपचा डळमळीत सिग्नल स्थिर करणारं उपकरण) म्हणून कोणता डीव्हीडी रेकॉर्डर एनटीएससी सिग्नल नीट घेतो? कॅसेटला पांढरी बुरशी आहे. हेड खराब न करता ती कोण साफ करतं?