सीआरपी ११ आला म्हणून लगेच अँजिओग्राफी?

तुमच्या काकांचा एचएस-सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे सूज, दाखवणारी रक्ततपासणी) ११ आला म्हणून अँजिओग्राफीची घाई चाललीय, पण रक्त दिलं तेव्हा त्यांना सर्दी-ताप किंवा दाढदुखी होती का, ते आधी विचारा. माझा गेल्या पावसाळ्यात १४ आला होता! ठाण्यात पॅकेजमध्ये फुकट मिळाली म्हणून केलेली टेस्ट, आणि आदल्याच आठवड्यात मी तापाने झोपलेलो. महिन्याने १.२. दहाच्या वरचा आकडा बहुधा संसर्गाचा किंवा दुखापतीचा असतो; बरं वाटल्यावर, निदान दोन आठवड्यांनी परत मोजायचा. तेव्हाही ३ च्या वर राहिला तर हृदयविकाराचा धोका जास्त धरतात, १ च्या खाली कमी.

टेस्टच बोगस आहे असं काही जण म्हणतात, ते मात्र पटलं नाही. २००८ च्या ज्युपिटर या औषध-चाचणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३० च्या आत पण सीआरपी २ किंवा जास्त असलेल्यांना रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा फायदा झाला. (एलडीएलही निम्म्यावर आलं, त्यामुळे श्रेय एलडीएल घटल्याचं की दाह घटल्याचं यावर वाद आहेच.) २०१७ च्या कँटोस चाचणीत आधी अटॅक येऊन गेलेल्यांचा औषधाने फक्त दाह कमी केला, कोलेस्टेरॉल जवळपास तेवढंच, तरी पुढचे अटॅक-स्ट्रोक सुमारे १५ टक्के घटले. पण जीवघेणे संसर्ग वाढले, शिवाय औषध भयंकर महाग.

काकांचं बीपी, साखर, एलडीएल किती? तंबाखू?