गुंडीला बटण म्हटलं की माप चुकतं

कृष्णाकाठ
कपड्याला लागणाऱ्या बारक्या वस्तूंची जुनी नावं शिवणवर्गात शिकवावीत, आणि मापांसकट शिकवावीत, असं माझं ठाम मत आहे. सातारा-सांगलीकडच्या वह्यांत हल्ली 'बटण', 'दोरी' आणि 'पॉकेट' या तीन शब्दांत सगळं उरकलेलं दिसतं. त्यात शब्द जातो तो जातोच, कामही बिघडतं.

गुंडीच घ्या. बटण चपटं, त्याला काज लागतं. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक जाडी: १५ मिमी व्यासाचं आणि ३ मिमी जाडीचं बटण असेल तर काज १८ मिमी. गुंडी कापडाची आणि गोल, तिला फास लागतो. इंचभर रुंदीची उरेब, म्हणजे कापडावर तिरकी, पट्टी कापायची, दुमडून बारीक नळी शिवायची, सुईदोऱ्याने ती उलटवायची आणि तिचीच गाठ वळून गुंडी करायची. पट्टी उरेब न घेता सरळ घेतली तर नळी वळणं घेत नाही, गाठीला कोपरे येतात. गुंडी १ सेंमीची झाली तर तिचा घेर सव्वातीन सेंमीच्या आत-बाहेर. तेवढा घेर फासाच्या दोन बाजूंत मावायला हवा, म्हणजे फास आतून दीड सेंमीहून थोडा जास्त. फासाची टोकं शिवणीत निदान १ सेंमी आत घ्यावी लागतात, नाहीतर रोजच्या ओढीने ती निसटतात.

वहीत '५ बटणं' असं लिहिलं की शिकणारी मुलगी पाच काजं पाडते. गोल गुंडीसाठी पाडलेलं काज इतकं लांब होतं की गुंडी घातल्यावरही ते आ वासून राहतं. एका शब्दाने एवढा फरक पडतो.

कात्री_कराड
मापं बरोबर आहेत, निष्कर्ष मान्य नाही. शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीला पहिल्या महिन्यात शर्ट, ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश शिवायचे असतात. तिला कळलं पाहिजे की शर्टाच्या पुढच्या पट्टीवर काज उभं घ्यायचं आणि कॉलरच्या पट्टीवर आडवं. गुंडी तिच्यापुढे क्वचित येणार. न येणाऱ्या कामाचे शब्द पाठ करवून घेणं म्हणजे वर्गाचा वेळ दवडणं.

दुसरं, 'जुने' म्हणजे 'आपले' असा सूर या मागणीत दरवेळी येतो. काज पोर्तुगीजांकडून आलं. अस्तर, नेफा, रुमाल फारसीतून आले. कुणी मुद्दाम जपले म्हणून हे टिकले नाहीत, रोज हातात राहिले म्हणून टिकले. नेफा हा शब्द कुठल्या वर्गाने वाचवला?

कृष्णाकाठ
कात्रीदादा, शब्द कुठून आला याच्याशी मला काही घेणं नाही. काज मराठीच आहे. माझी तक्रार दोन वेगळ्या वस्तूंना एक नाव दिल्याची आहे.

आणि नेफा राहिला खरा, पण त्यात घालायची नाडी मात्र 'दोरी' झाली. नाडी म्हणजे सुती, चपटी विणलेली. दोरी म्हटलं की दुकानदार नायलॉनची गोल देतो. ती गुळगुळीत, सुरगाठ धरत नाही. मग माणूस निरगाठ मारतो आणि घाईच्या वेळी ती सुटत नाही, कापावी लागते. अर्ध्या इंचाच्या नाडीला तयार नेफा एक इंचाचा पुरतो. त्याहून फार रुंद ठेवला तर नाडी आत पिळा घेते, फार अरुंद ठेवला तर सरकत नाही. नाडीची लांबी कमरेचा घेर अधिक २० ते २४ इंच. मागच्या मध्यावर नेफ्यावरून एक उभी शिवण मारून नाडी अडकवली की धुताना ती बाहेर निघून येत नाही. हे सगळं 'दोरी घाला' एवढ्यात कसं सांगणार?

माणदेशी
कृष्णाकाठ, नाडीपर्यंत मी तुमच्या बाजूने. पण तुमची यादी वाढत गेली तर त्यात कनवटी येणार, आणि कनवटी शिवायची नसतेच. धोतराची किंवा लुगड्याची कड कमरेशी दुमडून खोचली, त्यात पैसे ठेवले, ती कनवटी. कुणी तिलाच कडोसरी म्हणतं. शिवणवर्गात ती कुठल्या धड्यात बसवणार? ती नेसण्याबरोबर शिकायची गोष्ट. धोतर आणि लुगडं नेसणं कमी झालं तशी तीही कमी झाली.

शिवायच्या वस्तू वेगळ्या काढा. चंची म्हणजे पान-तंबाखूची कापडी कप्प्यांची घडी, ती गुंडाळून बंदाने बांधतात. बटव्याचं तोंड दोरी ओढून मिटतं. 'पाऊच' या एका शब्दात दोन्ही गेले. बटव्याला दोन दोऱ्या लागतात आणि त्या समोरासमोरच्या बाजूंनी उलट ओवायच्या. एकच दोरी ओवली तर तोंड एका अंगाला गोळा होतं आणि दुसरीकडे फट राहते. चोरखिसाही असाच. बंडीच्या किंवा कोपरीच्या आतला हा खिसा नुसता अस्तरावर शिवला तर वजनाने अस्तर फाटतं. त्याची एक कड बाजूच्या शिवणीत धरावी आणि तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना दुहेरी टाके घालावेत.

कात्री_कराड
चोरखिसा माझ्या यादीत आधीपासून आहे, कारण गिऱ्हाईक आजही तो मागतं. तेच तर म्हणतोय.

शब्द ओढून आणले की काय होतं तेही बघा. 'बेल्ट'ला 'कमरपट्टा' लिहा असा आग्रह अनेकजण धरतात. कमरपट्टा हा सोन्या-चांदीचा बायकांचा दागिना. पँटच्या लूपांत घालतात तो पट्टा, आणि लोक पट्टाच म्हणतात. जुना शब्द चुकीच्या जागी लावला तर तुमच्याच हिशेबाने दोन वस्तूंना एक नाव झालं.

मिरजेची_सुई
कमरपट्ट्याबद्दल दादा अगदी बरोबर. पण लोक नवा शब्दही करतात हे तुम्ही दोघंही विसरताय. टिचबटण! 'टिच' आवाज आपला, बटण बाहेरचं, आणि शब्द असा पक्का बसला की 'प्रेस बटण' म्हणणाऱ्यालाही तो कळतो. लावतानाची चूक ठरलेली असते: दोन भागांची अदलाबदल. उंचवट्याचा भाग वरच्या पट्टीच्या आतल्या अंगाला, खळगीचा भाग खालच्या पट्टीवर. आधी उंचवट्याचा शिवा, त्यावर खडू घासा आणि पट्टी दाबा. खालच्या पट्टीवर ठिपका उठेल तीच दुसऱ्या भागाची जागा.

बाळाच्या कपड्यांत मात्र मी कृष्णाकाठ ताईंकडे. टोपरं डोक्यापुरतं असतं, हनुवटीखाली बंद. कुंचीला डोक्यामागून पाठीवर उतरणारा घोळ असतो. दोन्हीला 'कॅप' म्हटलं की कापड किती घ्यायचं तेच ठरत नाही. सहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४२ ते ४४ सेंमी, टोपऱ्याला त्यावर २ सेंमी सैल पुरे. कुंचीला शिवाय मानेपासून पाठीची लांबी मोजावी लागते. बंद गाठ बसण्यापुरतेच ठेवा. लांब बंद गळ्याभोवती अडकण्याचा धोका असतो, म्हणून बाळ झोपलं की कुंची काढायचीच.

पायताण
चपलेचं उदाहरण इथे लागू पडतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत: कोल्हापूर, सोलापूर, सांगली आणि सातारा. तिच्या भागांची नावं अजून चालतात: अंगठा, पट्टा, कान, वेणी. शिकवणीशिवाय टिकली, कारण दुरुस्तीला ती लागतात. पट्टा सुटला असं वाटतं तेव्हा पुष्कळदा पट्टा धड असतो, त्याला धरणारा कान तुटलेला असतो. 'पट्टा बदला' सांगितलंत तर नको तो खर्च होतो. हे कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. भिजलं की फुगतं, आणि अंगठ्याची पकड सैल होते.

कृष्णाकाठ
कनवटी यादीतून काढते, माणदेशींचं पटलं. पण गुंडी ठेवणार. कारण ती तुटली की दुरुस्तीला शिंप्याकडेच येते, आणि समोरच्याला शब्द ठाऊक नसेल तर तो तिथे बाजारचं चपटं बटण टाचतो. फास तसाच लोंबत राहतो.

कात्री_कराड
दुरुस्तीचा मुद्दा घेतो. नुसत्या शब्दांचं पान मात्र वहीत नको. गुंडीच्या ओळीतच फासाचं माप, नाडीच्या ओळीत नेफ्याचं. मापाशिवाय शब्द आला तर मी तो खोडणार.

मिरजेची_सुई
चालेल. कुंचीच्या ओळीत बंदांची लांबी मी घालते.