एक्सेल शिकायला चित्रांची पानं पुरेत. कुणाचं काय म्हणणं?

पाच्छापेठ

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मागच्या दिवाळीपासून पगाराची वही एक्सेलवर आणली. वही सांभाळणाऱ्या ताई चाळिशीच्या, दहावी पास. घरी तेलुगू, शाळा मराठी आणि समोरचा मेनू इंग्रजी. आधी त्यांना संध्याकाळच्या क्लासला घातलं. सर बोलत बोलत पुढे जायचे, ताई मागेच राहायच्या. तीन आठवड्यांत सोडलं. मग व्हिडिओ लावून दिले. त्यात माऊसचा बाण कुठून कुठे गेला हे दिसेपर्यंत पुढची गोष्ट सुरू. थांबव, मागे ने, परत थांबव, यातच दुपार जायची.

शेवटी मीच स्क्रीनचे फोटो काढून पानं केली. एका पानावर एकच काम. जिथे दाबायचं तिथे लाल गोल, शेजारी १, २, ३. अशी १४ पानं टेबलाच्या काचेखाली ठेवली. आठ दिवसांत त्यांनी एकटीनं पगारपत्रक काढलं.

माझं स्पष्ट मत: आधी हात बसू द्या. 'समजून घ्या'चा आग्रह ज्यांना इंग्रजी येतं त्यांनीच धरावा.

हिशेबनीस

जीएसटीची कामं करतो, रोज लोकांच्या फायली उघडतो. तुमच्या १४ पानांबद्दल राग नाही, पण त्या पानांची फळं माझ्या टेबलावर येतात.

एका ठिकाणचं सांगतो, नाव नको. तिथल्या मुलानं असंच छापील चित्रं बघून नावं अकारविल्हे लावायला घेतली. त्यानं फक्त नावांचा रकाना निवडला होता. एक्सेलनं विचारलं, निवड वाढवू की आहे तेवढ्यावरच चालू ठेवू? ही चौकट त्याच्या पानावर नव्हतीच, कारण चित्र काढणाऱ्यानं सगळं टेबल निवडून चित्र काढलं होतं. पोरानं ओळखीचा शब्द बघितला, 'कंटिन्यू', आणि दाबला. नावं हलली, शेजारचे ज्याच्या त्याच्या कामाचे डझन जागेवरच राहिले. शनिवारी एकाचा पगार दुसऱ्याच्या हातात.

आणि मुळात एक्सेलचा जीव कशात आहे? एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे हलतात. १९७९ साली व्हिजिकॅल्क, म्हणजे एक्सेलच्या आधीचं असंच सॉफ्टवेअर, आलं ते यासाठीच. ते बनवणाऱ्यांपैकी एक, डॅन ब्रिकलिन, हार्वर्डमध्ये शिकत असताना फळ्यावरचं टेबल बघत होता. एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून परत लिहायचे, ते टाळायचं त्याच्या डोक्यात आलं. चित्र म्हणजे परत तोच फळा की! तुमच्या पानावर डझनाचा दर एफ १ या कप्प्यात असेल तर ताई एफ १ पाठ करणार. उद्या दर एच १ मध्ये गेला तर?

कडकभाकरी

एच १ चं सोडा. २००७ ला एक्सेलचा वरचा सगळा मेनूच बदलला, पट्टी आली. मी त्याच्या आदल्या वर्षी २००३ वर शिकलेलो, वहीत चित्रं काढून! एका रात्रीत वही रद्दी. ओळी ६५,५३६ वरून १०,४८,५७६ झाल्या म्हणून सगळे खूश होते आणि मी प्रिंटचं बटण शोधत बसलेलो. ते कोपऱ्यातल्या गोल चिन्हात जाऊन बसलं होतं.

पाच्छापेठ

काय सांगलालाव ओ हिशेबनीस! चौकट पानावर नव्हती हा पान काढणाऱ्याचा दोष. मी ती टाकली असती.

एफ १ पाठ करण्याचं म्हणाल तर मान्य. बी २ गुणिले एफ १ लिहून खाली ओढलं की पुढच्या ओळीत एफ २ होतं, तो रिकामा, म्हणून पगार शून्य. एफच्या मागेपुढे डॉलरचं चिन्ह लावा एवढंच मी पानावर लिहिलं. त्यानं एफ १ जागचा हलत नाही, हे लिहिलं नाही.

पण चित्रानं जे शिकवलं ते तुमच्या समजुतीनं शिकवून दाखवा. आमच्या कॉम्प्युटरवर तारखा अमेरिकन पद्धतीच्या होत्या. वर्षासकट ५/६ टाकलं की तो ६ मे धरायचा आणि तसंच १३/६ टाकलं की तेरावा महिना नाही म्हणून नुसता मजकूर धरायचा. हे शब्दांत सांगायला अर्धा तास. मी पानावर दोनच कप्पे दाखवले. खरी तारीख उजवीकडे टेकलेली, खोटी डावीकडे. आता ताई लांबूनच सांगतात, ही डावीकडची बघा जरा.

ताणाबाणा

दोघंही एक विसरलात. या गावात चौकटीच्या कागदावरून काम शिकणं नवीन आहे का? वडील चादरीचे डिझाइन मास्तर. जेकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रासाठी, ग्राफ रंगवायचे. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी म्हणजे बाण्याचा एक फेरा आणि प्रत्येक आडव्या ओळीचं एक कार्ड छिद्रं पाडून तयार व्हायचं. एक चौकोन चुकला तर मोराची मान तुटलेली, तीही चादरीत जितके मोर तितक्यांदा.

ते कसे शिकले? जुने ग्राफ उतरवून. वर्षभर कुणी 'का' सांगितलं नाही. त्यामुळे पाच्छापेठ, माझं मत तुमच्याकडे झुकतं. पण 'का' त्यांना कळलं ते मागावरून चुकलेलं कापड उतरलं तेव्हा. तुमच्या १४ पानांत चुकलेलं कापड एकही नाही. सगळे मोर धडधाकट!

नवी_पेठ_४

ताणाबाणांना अनुमोदन. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या बेरजेच्या जागी नुसत्या हॅशची रांग आली. मला वाटलं फाइल गेली. कुणाला सांगायची लाज, म्हणून सगळं पुसून परत टाइप केलं, दोन तास. फक्त रकाना अरुंद होता. कुठल्याही पुस्तकात बरोबर आलेल्या स्क्रीनचीच चित्रं असतात. चुकलेल्या स्क्रीनची छापा की कुणीतरी.

हिशेबनीस

हे पटलं. पण चुकीची चित्रं छापायला लागलात तर १४ ची १४० पानं होतील. त्यापेक्षा कंट्रोल झेड, म्हणजे केलेलं मागे घेणं, शिकवा आणि मोडू द्या.

कडकभाकरी

पगाराच्या फायलीवर मोडू द्या? शनिवारी तुम्हीच येऊन गेटवर उभे राहा.

हिशेबनीस

कॉपी काढून त्यावर हो. तेवढं कळतं मला.

पाच्छापेठ

दोन दिवसांनी लिहितोय. नवी_पेठ_४ यांचं ऐकून पंधरावं पान केलं. हॅशची रांग, त्याला लाल गोल, शेजारी रकाना ओढतानाचं चित्र. ताईंना दिलं. त्या म्हणाल्या, हे तर मागच्याच महिन्यात आलं होतं, मी रकाना ओढून मोठा केला.

मी विचारलं, कोणी सांगितलं? तर म्हणाल्या, सांगायचं काय त्यात, बाकीच्या रकान्यांपेक्षा तो बारीक दिसत होता.

हिशेबनीस

आणि एच १?

पाच्छापेठ

दर तिथे हलवून ठेवलाय. शनिवारी कळवतो.