मदत हवी आहे: व्हिएन्नाचे ४ दिवस, रविवार ते बुधवार, कसे लावावेत?

ऑक्टोबरअखेरचा बेत आहे. खरी अडचण सोमवारची. त्या दिवशी कुन्स्टहिस्टोरिशेस, सेसेशन आणि माक ही तिन्ही कला-संग्रहालयं बंद, आणि लिओपोल्ड संग्रहालय मंगळवारी बंद. म्हणून सोमवारी वरचं बेल्वेडेअर हा राजवाडा-संग्रहालय (क्लिम्टचं 'द किस' हे चित्र तिथेच आहे, वेळ ठरलेलं तिकीट आधी काढलेलं बरं) आणि मग वास्तुकार ओटो वॅग्नरने बांधलेली पोस्टाची बचत बँक. तिच्या दर्शनी संगमरवरी फरशांवर ॲल्युमिनियमच्या टोप्यांचे बोल्ट मुद्दाम उघडे ठेवलेत, आणि मुख्य दालनाची जमीन काचेच्या विटांची, खालच्या मजल्यावर उजेड जावा म्हणून. डिझाइन आवडणाऱ्याने एवढ्यासाठी तासभर द्यावाच. पण सोमवारी आतलं दालन बघू देतात का?

मंगळवारी माक रात्री ९ पर्यंत उघडं असतं, पण स्टेट ऑपेराही त्याच संध्याकाळी आहे. उभ्याने ऐकायची तिकिटं प्रयोगाच्या दिवशीच मिळतात. पूर्वी आत गेल्यावर कठड्याला रुमाल बांधला की जागा आपली व्हायची. पार्टेरमधून (तळमजल्यावरून) रंगमंच समोर दिसतो, बाजूच्या गॅलरीतून अर्धा कापला जातो. ४ तासांच्या ऑपेराला सत्तरीतल्या माणसाने उभं राहणं झेपेल का, की वरच्या मजल्यावरची स्वस्त खुर्ची बरी?

सेसेशनमधलं क्लिम्टचं १९०२ चं बेथोव्हन भित्तिचित्र बुधवारी सकाळी ठेवलंय. रविवारी ११ वाजता म्युझिकफेराइन या संगीत सभागृहात व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची मैफल असेल, तर उभ्याची तिकिटं मिळतात का? कुणी अलीकडे घेतली असतील तर नक्की सांगा.