ऑपरेटर न सांगता गेला, फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) अडवता येतो का? तातडीने मदत हवी आहे

हिशेबनीस_चाकण
नमस्कार. आमचा व्हीएमसी (संगणकावर चालणारं कापकामाचं मशीन) ऑपरेटर 9 डिसेंबरपासून येत नाही, फोन उचलत नाही. काल व्हॉट्सअॅपवर "राजीनामा समजा" एवढाच मेसेज. मालक म्हणतात, नोटीस दिली नाही ना, मग 8 दिवसांचा पगार, ग्रॅच्युइटी, अनुभवपत्र सगळं रोखून धर, पीएफला एक्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) पण टाकू नकोस. असं करता येतं का? हो किंवा नाही एवढंच सांगा, उद्या सकाळी उत्तर द्यायचंय.

मस्टररोल
हो-नाहीत होणारं काम नाही हे. जॉइनिंग कधीची? माणसं किती? बेसिक किती? अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस पिरियडची अट काय आहे?

तात्या_फौंड्री
पगार बिनधास्त रोखा. आठवड्यात स्वतःहून गेटवर येतो की नाही बघा.

मस्टररोल
तात्या, येईल, पण कामगार अधिकाऱ्याला घेऊन. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू आहे. कलम 17(2) नुसार राजीनामा असो की बडतर्फी, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. पूर्वी राजीनाम्याला पुढच्या पगार तारखेपर्यंत थांबता यायचं, ती सवलत गेली.

हिशेबनीस_चाकण
माणसं 46. बेसिक-डीए 15,600. जॉइनिंग 1 एप्रिल 2021. लेटर कोणालाच दिलेलं नाही, लहान कंपनी आहे.

नियमावली
लेटरच नाही तर नोटीस पे कशाच्या जोरावर कापणार? लेखी अट दाखवता आली तरच पुढचं बोलणं. आता नेमणूकपत्र देणं सुरक्षा व कार्यस्थिती संहितेने सक्तीचं केलंय, तुमच्यासारख्या 46 माणसांच्या कंपनीलाही. या एका माणसाचं राहू द्या, उरलेल्या 45 जणांची पत्रं आधी काढा: पद, वर्ग, वेतनाची फोड, नोटीस, रुजू तारीख. दुसऱ्या प्रतीवर सही घेऊन फाइलला लावा.

मस्टररोल
एक एक करून घेऊ. व्हॉट्सअॅप मेसेज पुरावा म्हणून जपा, पण त्यावर विसंबू नका. आजच त्याच्या गावच्या आणि इथल्या, दोन्ही पत्त्यांवर पत्र: "9 तारखेपासून गैरहजर आहात, मेसेज मिळाला, राजीनामाच असेल तर सहीचं पत्र द्या, नसेल तर अमुक तारखेपर्यंत हजर व्हा." उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र. तो गेला असं मनाशी ठरवून पटावरून नाव कमी केलं, तर उद्या "मला काढून टाकलं" म्हणायला तो मोकळा.

पोस्टमास्तर_फॅन
पत्र रजिस्टर एडीने पाठवा म्हणणारे आता येतील, म्हणून आधीच सांगतो. रजिस्टर्ड पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय. काउंटरवर पोचपावती वेगळी मागून घ्यायची.

पीएफवाली
एक्झिट डेट अडवून मालकाला काय मिळणार? शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासद स्वतःच पोर्टलवर तारीख टाकू शकतो. तोवर नव्या कंपनीची जॉइनिंग आणि तुमची उघडी नोकरी एकमेकांवर चढते, ट्रान्सफर अडकतो आणि फोन तुम्हालाच येतात. ईसीआर (पीएफचं मासिक विवरण) भरताना डिसेंबरचं वेतन 8 दिवसांचंच दाखवा, एक्झिट 8 डिसेंबर. पूर्ण महिना दाखवून नंतर दुरुस्ती करत बसू नका, जॉइंट डिक्लरेशनचा (मालक-कामगाराच्या संयुक्त दुरुस्ती अर्जाचा) व्याप फार.

हिशेबनीस_चाकण
ठीक. ग्रॅच्युइटी? मालकांनी 30 ने भागून 39,000 काढलेत आणि तेही द्यायचे नाहीत म्हणतात. त्याला लागणारी पाच वर्षं झालीच नाहीत ना?

नियमावली
भाजक 26. 15,600 भागिले 26 म्हणजे 600 रुपये रोज, गुणिले 15 म्हणजे वर्षाला 9,000. सहा महिन्यांवर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे पाच वर्षांचे 45,000. पण हक्कच आहे का, ते आधी बघायला हवं. 4 वर्षं 8 महिने आणि 8 दिवस होतात.

तात्या_फौंड्री
पाच म्हणजे पाच. विषय संपला.

नियमावली
संपला नाही. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तर सेवा पुरी, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही, पण कंट्रोलिंग अथॉरिटीसमोर (ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणारा अधिकारी) हमखास पुढे येतो. आता मस्टर काढा. 1 एप्रिल ते 8 डिसेंबर 252 दिवस होतात. पगारी साप्ताहिक सुट्ट्या मोजायच्या, 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक विवाद कायद्याखालच्या एका प्रकरणात तसंच धरलं होतं. म्हणजे बिनपगारी गैरहजेरी 12 दिवसांपर्यंत असेल तर 240 भरतात. 13 वा दिवस निघाला तर मालकाची बाजू.

मस्टररोल
ग्रॉस पगार किती आणि फोड कशी?

हिशेबनीस_चाकण
ग्रॉस 34,000. घरभाडे 10,400, वाहनभत्ता 8,000. त्याचा इथे काय संबंध?

मस्टररोल
हाच तर संबंध. नव्या संहितेत वेतनातून वगळलेले भत्ते (घरभाडे, वाहनभत्ता) एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले की वरची रक्कम वेतनात परत येते. तुमचे भत्ते 18,400, निम्मे 17,000, म्हणून 1,400 परत. वेतन 17,000 धरलं तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी 49,038. बाकी 45 जणांची फोडही अशीच असेल, तीही तपासा.

लीन_गुरू
मूळ प्रश्न वेगळाच आहे. माणूस गेला आणि मशीन बंद पडलं, हे एचआरचं अपयश. स्किल मॅट्रिक्स (कोणाला कोणतं मशीन किती येतं याचा तक्ता) लावा: उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत मशीन, चौकोनात 1 ते 4. प्रत्येक मशीनला 3 च्या वरची निदान दोन माणसं हवीत.

पीएफवाली
गुरुजी, मशीन बंद पडलंय असं कोण म्हणालं?

तात्या_फौंड्री
एचआर मालकाचा माणूस असतो, हे इथे सगळे विसरलेत.

मस्टररोल
मालकाचाच. म्हणून तर 45,000 वाचवायला निघालेल्या मालकाला "हे व्याजासकट अंगावर येईल" असं कागदावर सांगायचं. हक्क बसत असेल तर ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यायची असते, त्याने अर्ज केला नाही ही सबब चालत नाही. ग्रॅच्युइटी जप्त करायला बडतर्फीचा आदेश आणि त्यामागे नुकसान, मारामारी किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असं काही लागतं. नोटीस न देणं त्यात बसत नाही.

हिशेबनीस_चाकण
बरं. एक राहिलं, आधी दोन वर्षं तो कॉन्ट्रॅक्टरकडे होता. याच मशीनवर. ते धरायचं नाही ना?

नियमावली
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! यूएएनखाली (पीएफचा कायमचा क्रमांक) कॉन्ट्रॅक्टरचा मेंबर आयडी दिसतो, तो ते दाखवणारच. हजेरी कोण घ्यायचं, काम कोण सांगायचं, रजा कोण मंजूर करायचं? उत्तर "आमचा सुपरवायझर" असेल तर सलग सेवेचा दावा भक्कम, आणि मग पाच वर्षांचा वादच उरत नाही, आकडा सात वर्षांवर जातो.

हिशेबनीस_चाकण
सुपरवायझर आमचाच. आणि मालक आत्ता म्हणाले, दोन बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायची उपकरणं) त्याच्याकडे आहेत, त्याचे पैसे तरी कापू का?

मस्टररोल
गेज कोणाच्या सहीने दिले? टूल क्रिबचं (हत्यारांच्या कोठाराचं) इश्यू रजिस्टर आहे का?